आवाज येण्याआधी तेल बदला

(सांगवी, ता. बारामती येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात जुन्या जीपगाड्या वापरणाऱ्या कार्यकर्त्यांनी मागणी केल्यामुळे येथे देत आहोत.)



मला बोलायला उभे केले तेव्हा मी विचारले, विषय काय? कार्यकर्ते म्हणाले, तुम्ही गाडीची कामे घरी करता, त्यावर बोला. मी म्हटले, लोक दहा-वीस कोसांवरून येणार ते भावावर ऐकायला, कर्जावर ऐकायला. गिअरबॉक्सच्या तेलावर कोण ऐकेल? तर ते म्हणाले, बाहेर जाऊन एकदा बघा, ही माणसे आली कशातून?

मी बाहेर जाऊन बघितले. आंब्याखाली अकरा गाड्या उभ्या होत्या. त्यात चार जुन्या जीप, दोन मारुती आठशे, एक फियाट. पंधरा वर्षांच्या आतली गाडी एकच, आणि तीही पाहुण्याची. तीन गाड्यांच्या खाली तेलाचे थेंब पडलेले होते. तेव्हा ठरवले, ह्यावरच बोलायचे.

ज्याच्याकडे पैसा आहे तो गाडी जुनी होण्याआधी विकतो. ती फिरत फिरत तिसऱ्या-चौथ्या हाताने येते आपल्याकडे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची काळीपिवळी फियाट ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, मारुती आठशेचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ॲम्बॅसडरचेही त्याच वर्षी. शहरात ह्या गाड्या आठवणीत गेल्या. आपल्याकडे त्या अजून बियाणे आणतात, आजारी माणूस नेतात, लग्नाचे वऱ्हाड ओढतात. म्हणून जुनी गाडी कशी टिकवायची हा आपला प्रश्न आहे.

जिपेने घेतलेले वर्ष

आधी माझी चूक सांगतो. आमचे सांगवी नीरेच्या काठचे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला, त्यामुळे आमच्याकडे ऊस. पण माझी धाकटी बहीण दिली इंदापूर तालुक्याच्या जिरायत भागात. तिथे ज्वारी, आणि पावसाने दिली तर बाजरी. दाजींनी १९९६ साली एक जुनी जीप घेतली. घेताना सोबत मी होतो. चालवून बघितली. गिअर गुपचूप पडत होते, आवाज नाही, काही नाही. मीच म्हणालो, दाजी, घेऊन टाका.

वर्षभरात ती बोलायला लागली. आधी दुसऱ्या गिअरला चर्र व्हायचे. मग चढाला घरघर. मग दुसऱ्या गिअरवर पाय सोडला की दांडा आपोआप बाहेर यायचा. दाजी दांडा हाताने धरून गाडी चालवायचे. मी विचारायचो, मिस्त्रीला दाखवली का? ते म्हणायचे, सुगी होऊ द्या. आणि मीही म्हणायचो, चालते आहे ना, चालू द्या.

मार्च १९९८. भाची बारावीला. परीक्षेचे केंद्र तालुक्याला. गणिताच्या पेपरच्या दिवशी एसटी आली नाही म्हणून दाजींनी जीप काढली. गावाबाहेरचा ओढा चढताना आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. ना पुढे, ना मागे. दुधाच्या गाडीवर बसून पोरगी केंद्रावर पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. तिला आत घेतले नाही. नियम होता, त्यांचे काही चुकले नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पण त्या सालचे प्रवेश होऊन गेले होते. तिचे एक वर्ष गेले.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी तिथे होतो. आतले तेल काकवीसारखे काळे आणि घट्ट. त्यात लाकडाचा भुसा. होय, भुसा! आवाज दाबण्यासाठी कोणीतरी विकण्याआधी भरलेला. दोन दातऱ्या चक्रांचे दात तुटलेले, पितळी कड्या झिजून गुळगुळीत. ज्वारीची सगळी विक्री त्या दुरुस्तीत गेली.

बहीण ओसरीवर उभी राहून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "दादा, बैलाच्या खांद्याला आम्ही दर साली लोणी-हळद लावून शेकतो. ह्या लोखंडाला दोन वर्षांत तुम्ही दोघांनी काय लावलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी हे काम शिकलो, आणि आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

गिअरबॉक्स करतो काय?

आमच्या जवळ माळेगावचा साखर कारखाना आहे, भवानीनगरचा आहे. गाळपाच्या वेळी आत जाऊन बघा. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. पण ऊस पिळणारे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात, बैलाच्या चालीने. मध्ये काय असते? गिअर. लहान चक्र मोठ्या चक्राला फिरवते, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. गाडीत हेच होते. चढाला जोर पाहिजे म्हणून पहिला गिअर, सपाटीला वेग पाहिजे म्हणून चौथा.

इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी वसवले. आज तिथल्या कारखान्यात साखर कारखान्यांसाठी असलेच अजस्र गिअरबॉक्स घडवतात. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे आपण जिला फियाट म्हणतो ती प्रीमियर पद्मिनी निघाली. म्हणजे बाहेर आंब्याखाली उभी असलेली ती फियाट नात्याने इथलीच म्हणायची!

साखर कारखाना हंगाम संपला की काय करतो? गिअरबॉक्स उघडतो, तेल तपासतो, दात बघतो. घरघर ऐकू येईपर्यंत तो थांबत नाही, कारण हंगामात एक दिवस चाक थांबले तर नुकसान किती ते त्याच्या वहीत लिहिलेले असते. आपल्या वहीत ते लिहिलेले नसते. आपली जीप पेरणीत चार दिवस उभी राहिली तर ते चार दिवस फुकटचे धरले जातात.

आता तेलाचे काम बघा. दोन पोलादी दात एकमेकांवर दाबून घसरतात. त्या दोघांमध्ये तेलाचा केसापेक्षा पातळ पापुद्रा असतो. तो आहे तोवर लोखंड लोखंडाला लागत नाही. तो फाटला की दात दाताला खातो. खाल्लेला चुरा तेलात मिसळतो, आणि तेच तेल मग कानस होते.

लोक म्हणतात, इंजिनाचे तेल जळते म्हणून बदलायचे, गिअरचे कुठे जळते? खरे आहे, ते जळत नाही. पण त्यात लोखंडाचा चुरा साठतो, हवेतली ओल उतरते, ओढ्याचे पाणी शिरते, आणि दातांमध्ये चिरडून चिरडून तेलाची ताकद जाते. ते संपून जात नाही म्हणून ते मेलेले आपल्याला कळत नाही.

कोणते तेल घालायचे?

इथे सर्वात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगतो.

कॅनवर दोन गोष्टी वाचा. एक घट्टपणाचा आकडा, जसे ८०डब्ल्यू-९० किंवा नुसते ९०. दुसरा दर्जा, जीएल-४ किंवा जीएल-५. इंग्रजी येत नसेल तर जी, एल आणि पुढचा आकडा एवढे ओळखायला पोराला सांगा.

घट्टपणाच्या आकड्याने फसू नका. नव्वद म्हणजे इंजिनाच्या चाळीसच्या दुपटीहून घट्ट असे नाही. गिअर तेलाची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचे नव्वद हे इंजिनाच्या चाळीस-पन्नास इतकेच घट्ट असते.

दर्जाचे मात्र नीट बघा. पाच मोठा म्हणून चारपेक्षा चांगला, हे इथे लागू नाही. ह्या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये असतात. दाब आला की ती पोलादावर कवच धरतात. जीएल-५ मध्ये ती जास्त असतात, कारण ते मागच्या हाउसिंगसाठी, म्हणजे डिफरन्शियलसाठी आहे. तिथे दात फार दाबाने घसरतात. पण गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या पितळी कड्या असतात. दोन बैल वेगळ्या चालीचे असले तर जुंपण्याआधी त्यांची पावले जुळवावी लागतात. तसे ह्या कड्या दोन चक्रांना घासून त्यांचा वेग जुळवतात, मग गिअर पडतो. जीएल-५ चे गंधक तापल्यावर पितळ खाऊ शकते, आणि ते तेल इतके निसरडे असते की कडीला पकड मिळत नाही. म्हणून साधारण नियम असा: जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला जीएल-४, मागच्या हाउसिंगला जीएल-५.

पण नियमापेक्षा गाडीचे पुस्तक मोठे. काही जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला कंपनीने इंजिनाचेच तेल सांगितलेले असते. पुस्तक नसेल तर तीच गाडी वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या मिस्त्रीला विचारा. आणि ट्रॅक्टरला हे गणित लावू नका. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचे तेल एकच असते. ते वेगळ्या जातीचे तेल आहे. त्यात गाडीचे गिअर तेल घातले तर ब्रेक बिघडतील.

मारुती आठशेत इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना. तिथे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात. जीप, फियाट, ॲम्बॅसडर यांना मागचे हाउसिंग वेगळे. फोर-व्हील जिपेला गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिचे तेल विसरू नका. दोन्हीचे एकाच दिवशी बदला.

तेल बंद कॅनचे घ्या, पावती घ्या. आणि काम झाल्यावर रिकामा कॅन कुऱ्हाडीने फोडा. तुमच्या कॅनमध्ये जुने तेल भरून कोणी दुसऱ्या शेतकऱ्याला विकायला नको.

काम करायचे कसे?

आता कामाचा क्रम सांगतो. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

पहिले, गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. कोमट तेल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येते. फार तापलेले नको, हात भाजेल.

दुसरे, सपाट कडक जमिनीवर गाडी उभी करा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जीप उंच असते, तिच्याखाली बहुधा तसेच जाता येते. लहान गाडी उचलावी लागते. उचलायची ती जॅकने, पण ठेवायची जॅकवर नाही. लोखंडी घोडी लावा, नाहीतर रुंद सागवानी ठोकळे आडवे-उभे रचा. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ठोकळे तर मुळीच नकोत. ते सांगून फुटत नाहीत. जॅक हे उचलायचे हत्यार आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालणारा माणूस दोन-अडीच लिटर तेलासाठी संसार पणाला लावतो. गाडी चारही बाजूंनी सारखी उंच ठेवा. एकीकडे कललेली असेल तर तेलाचे माप चुकेल.

तिसरे, प्लग ओळखा. एक तळाला, तेल सोडायचा. एक बाजूला मध्यावर, तेल भरायचा. पेटीवर आणखीही बोल्ट असतात, त्यांच्यामागे स्प्रिंगा आणि गोळ्या असतात. चुकीचा बोल्ट खोलला तर साधे काम मिस्त्रीचे होऊन बसेल. खात्री नसेल तर आधी विचारा.

चौथे, आणि हे सर्वात महत्त्वाचे. आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा. तो निघतो ह्याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला हात लावू नका. खालचा सोडला, सगळे तेल गेले, आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकली. मी स्वतः हे करून बसलो आहे. गाडी बैलांनी ओढून गॅरेजला न्यावी लागली आणि सगळा गाव बघत होता.

प्लग गंजलेला असेल तर तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवा. बरोबर मापाचाच पाना लावा. चालवून घेऊ म्हणून मोठा पाना लावला तर कोपरे गोल होतील.

पाचवे, खाली घमेले ठेवा आणि तळाचा प्लग काढा. शेवटचे आटे हाताने सोडवा, प्लग आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. तेल निथळू द्या. घाई करू नका, चहा घेऊन या. शेवटी जो पेलाभर येतो, गाळ त्यातच असतो.

सहावे, वायसर बघा. तांब्याचा असेल तर गॅसवर लाल करून गार करा, तांबे पुन्हा मऊ होते आणि नीट बसते. वरची काजळी पुसून घ्या. ॲल्युमिनियमचा असेल तर नवाच घाला. तळाचा प्लग साफ करून लावा. घट्ट करा, पण पान्याला नळी लावून जोर करू नका. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर आटे निघून येतील, आणि तो खर्च तेलाच्या कितीतरी पट.

सातवे, तेल भरा. भोक अडचणीत असते, कॅन तिथे पोचत नाही. लांब नळी आणि नरसाळे घ्या, वरून इंजिनाजवळून नळी खाली उतरवा, एकाने वर ओतायचे, एकाने खाली बघायचे. किंवा हाताचा तेलपंप आणा. पण एक विनंती. कापसावर फवारणीचा पंप किंवा त्याची नळी ह्या कामाला घेऊ नका. औषधाचा अंश तेलात नको. आणि तेलाची नळी पुन्हा पिकावर तर नकोच नको.

किती भरायचे? भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बारीक धार बाहेर यायला लागली की थांबा. करंगळी आत वाकवून बघा, टोकाला तेल लागले पाहिजे. जास्तीचे वाहून जाऊ द्या, मग प्लग लावा. थोडे जास्त असू द्या म्हणू नका. जास्त तेल फेसाळते, ऑइल सील फोडून बाहेर येते, क्लचपर्यंत जाते.

आठवे, गाडी खाली घ्या, सगळे गिअर टाकून थोडी फिरवा आणि दोन्ही प्लगखाली बोट लावून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा.

तेल बोलते, ते ऐका

काढलेले तेल लगेच टाकू नका. वैद्य जशी नाडी बघतो तसे ते उन्हात धरून बघा. बऱ्याच गाड्यांच्या तळाच्या प्लगला लोहचुंबक असते. त्यावर काळसर मऊ लोणी जमले असेल तर काळजी नाही, ती रोजची झीज आहे. कण टोचत असतील, चकत्या असतील, दाताचा तुकडा असेल, तर मिस्त्री गाठा. तेलात पिवळी चमक असेल तर पितळी कड्या झिजत आहेत. दुधाच्या चहासारखे तेल निघाले तर पाणी शिरले आहे. पेटीच्या वरच्या बाजूला श्वासासाठी बारीक नळी किंवा टोपी असते, ब्रीदर म्हणतात. तापलेली गाडी भरल्या ओढ्यात घातली की पेटी एकदम गार होते आणि त्यातून पाणी आत ओढते. पावसाळ्यात असे झाले तर तेल लगेच बदला. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर मोकळा करा, नाहीतर आतला दाब सील फोडतो.

आवाजही ओळखा. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बहुधा गिअरबॉक्समधले बेअरिंग गेले. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर दोष क्लचच्या बेअरिंगचा. सगळेच गिअर, त्यातही रिव्हर्स, चर्र करून पडत असतील तर आधी क्लच नीट सुटतो का बघा. उगीच गिअरबॉक्स उघडू नका.

आणि खोटी आशा नको. तुटलेला दात तेलाने उगवत नाही. झिजलेली कडी तेलाने भरत नाही. तेल झीज थांबवत नाही, मंद करते. घट्ट तेल घालून आवाज दाबणारा आणि भुसा भरणारा, दोघांचे काम एकच. जुनी गाडी घेताना भरायचा प्लग उघडून आतले तेल बोटावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा नको म्हणाला तर घरी या. १९९६ साली मी एवढे केले असते तर भाचीचे वर्ष वाचले असते.

जुन्या तेलाचे काय?

ते विहिरीत, ओढ्यात, बांधावर ओतू नका. जनावरांच्या अंगाला गोचिडासाठी लावू नका, जखमेला तर नाहीच. त्यात धातूचा चुरा आणि रसायने आहेत. जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, जुने तेल गोळा करणारे त्याच्याकडून नेतात. आपले हातही साबणाने धुवा.

वहीत एक ओळ

केव्हा बदलायचे? पुस्तकात असेल तेव्हा. पुस्तक नसेल तर साधारण चाळीस हजार किलोमीटर किंवा दोन-तीन वर्षे, जे आधी येईल ते. चिखल आणि ओढे असतील तर त्याआधी. नव्याने घेतलेली जुनी गाडी असेल तर घरी आणल्या आठवड्यातच. आणि मीटर बंद असेल तर, बऱ्याच जणांचे बंद आहे हे मला माहीत आहे, दर दुसऱ्या वर्षी ज्वारीची मळणी झाली की बदला. आठवणीत राहील.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, तपासणी होते. तेव्हा धावाधाव करून रंग मारण्यापेक्षा आधीपासून आतले नीट ठेवलेले बरे.

बहिणीने त्या सालापासून एक वही केली. दाजींनी नाही, तिने केली. तारीख, मीटरचा आकडा, कोणते तेल, किती, किंमत, आणि प्लगवर काय निघाले. ती जीप त्यानंतर बारा वर्षे चालली. गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागला नाही.

भावांनो, आपण पिकाचा खर्च मांडतो तेव्हा बियाणे मांडतो, खत मांडतो, मजुरी मांडतो. औजारांचा घसारा मांडायला आपण विसरतो. घसारा म्हणजे काय? जे रोज झिजते पण रोज दिसत नाही ते. न मांडलेला घसारा एक दिवस सगळा एकदम वसूल करतो, आणि तो दिवस आपल्या सोयीचा नसतो. तो बरोबर पेपरच्या दिवशी येतो, पेरणीच्या दिवशी येतो, कळा सुरू झालेल्या बाईला न्यायच्या रात्री येतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. गाडीखाली वाकून बघा, थेंब पडतो का. आणि घरात विचारा, शेवटचे तेल केव्हा बदलले. कोणाला आठवले नाही, तर उत्तर मिळाले.

बैठक संपल्यावर मी पाने घेऊन त्या आंब्याखाली थांबणार आहे. ज्याला बघायचे असेल त्याने आपली गाडी पुढे घ्यावी. आधी वरचा प्लग, मग खालचा. एवढे बोलतो आणि थांबतो.